माळावरच्या कळपाचा खोकला

अक्कलकोटहून दुधनीकडे निघालं की वाटेत मैंदर्गी लागतं. नगरपरिषदेचं गाव असलं तरी शिवार बहुतेक कोरडवाहू. ज्वारी, तूर, हरभरा, मधेमधे पडीक माळ आणि थोड्या अंतरावर कर्नाटकाची हद्द. कानडी आणि मराठी दोन्ही भाषा इथे सारख्याच सहजतेने बोलल्या जातात. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरच्या मागेपुढे. एक हंगाम हुकला की नुसत्या शेतावर घर चालत नाही. म्हणून दारात चार शेळ्या असतातच आणि धनगराच्या वाड्यावर मेंढरं. उस्मानाबादी शेळी आणि दख्खनी मेंढी या दोन्ही जाती या कोरड्या मुलखात मुरलेल्या. उन्हाळ्यात पारा 42-43 अंशांवर जातो तेव्हाही त्या बाभळीच्या शेंगांवर आणि बोरीच्या पाल्यावर तग धरतात.

यातूनच एक समज पक्का झाला आहे. रानात चरणारं जनावर काटक असतं, गोठ्यातल्या जनावराचे रोग त्याला होत नाहीत, असं लोक मानतात. अर्धं खरं आहे ते. मोकळ्या हवेत, कडक उन्हात श्वसनाचे बरेचसे विषाणू फार काळ टिकत नाहीत आणि जनावरं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून कोंडलेलीही नसतात. उरलेला अर्धा भाग मात्र घातक आहे. असा विषाणू एकदा कळपात शिरला की पंधरवड्यात वर्षाची कमाई घेऊन जातो, आणि ज्याची घेऊन जातो त्याच्याकडे दुसरं काही नसतं. या रोगांचा आढावा घेताना मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. चरणाऱ्या कळपाला हे रोग माळावर उगवून भेटत नाहीत. बाजारातून, टेम्पोतून, नव्याने आणलेल्या जनावराच्या नाकातून ते येतात. आणि त्यांना रोखणारी आपली लसीकरणाची व्यवस्था एका जागी बांधलेलं जनावर डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे, चालत्या कळपाचा तिने पुरता विचार केलेला नाही.

या विषयावरचं जगातलं बहुतेक संशोधन अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या मांसासाठी पाळलेल्या गुरांवर झालं आहे. आपल्याकडे ती परिस्थिती नाही. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी आली आणि 2015 मध्ये राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. त्यामुळे इथे माळावर चरून वाढणारं आणि मांसासाठी विकलं जाणारं जनावर म्हणजे मुख्यतः शेळी आणि मेंढी. 2019 च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे 1 कोटी 6 लाख शेळ्या आणि 27 लाखांच्या आसपास मेंढ्या होत्या. म्हणून हा प्रश्न मैंदर्गीत आणला की तो गुरांकडून शेळ्या-मेंढ्यांकडे वळतो आणि पीपीआर या रोगापाशी येऊन थांबतो. पण त्याआधी गुरांवरचं संशोधन थोडं समजून घ्यायला हवं, कारण रोगाची रीत तिथे सर्वांत स्पष्ट दिसली आहे.

अमेरिकेतलं वासरू सहा-आठ महिने आईबरोबर कुरणात वाढतं. तोवर ते बहुधा ठणठणीत असतं. मग एका झटक्यात त्याला आईपासून तोडतात, लिलावाच्या बाजारात नेतात, दहा ठिकाणच्या वासरांत मिसळतात आणि ट्रकमध्ये भरून शेकडो किलोमीटर दूरच्या बंदिस्त आवारात उतरवतात. पुढच्या दोन-चार आठवड्यांत खोकला सुरू होतो. तिथले पशुपालक याला वाहतुकीचा ताप म्हणत आले आहेत. यामागे एकच जंतू नाही. 1946 मध्ये न्यूयॉर्क राज्यात बीव्हीडी या रोगाचं पहिलं वर्णन झालं. 1950 च्या दशकात कोलोरॅडोतल्या गुरांच्या बंदिस्त आवारांत आयबीआर हा नाक-श्वासनलिकेचा आजार ओळखला गेला. 1959 मध्ये गुरांत पॅराइन्फ्लुएन्झा-3 हा विषाणू सापडला आणि 1970 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये गुरांचा श्वसन-सिन्सिशियल विषाणू. आयबीआरची गोष्ट यांत विशेष बोलकी आहे. हा विषाणू युरोपात आधीपासून गुरांच्या जननेंद्रियांच्या सौम्य आजाराचं कारण म्हणून वावरत होता. श्वसनाचा तडाखेबंद रोग म्हणून तो पुढे आला तो गुरं हजारोंच्या संख्येने एकत्र कोंडली जाऊ लागल्यावर.

श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला अतिसूक्ष्म केसांचं अस्तर असतं. आत आलेली धूळ आणि जंतू ते सतत केरसुणीसारखं वर झाडत असतं. विषाणू हे अस्तर मारतो. पाश्चुरेला, मॅनहायमिया हे जिवाणू निरोगी जनावराच्या नाका-घशातही मुक्कामाला असतात, एरवी ते खाली उतरू शकत नाहीत. अस्तर गेलं की ते फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. जनावर बहुतेक वेळा मरतं ते या दुसऱ्या हल्ल्यात. त्यात उपास, तहान, थंडी, प्रवासाचा ताण यांनी प्रतिकारशक्ती आधीच खचलेली असते. विषाणू, जिवाणू आणि ताण यांचं हे त्रिकूट लक्षात ठेवलं तर मैंदर्गीतल्या शेळीचं मरणही नीट समजतं.

आता पीपीआर. गावात याला बुळकांडी म्हणतात, कारण गुरांच्या जुन्या बुळकांडीशी लक्षणं जुळतात. दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले, माणसाचा गोवरही त्याच घराण्यातला. या रोगाचं पहिलं वर्णन 1942 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधून आलं. भारतात तो 1987 मध्ये तमिळनाडूतल्या अरसूर गावात निश्चितपणे ओळखला गेला. त्याआधी शेळ्या-मेंढ्यांत अशी मरतूक झाली की ती गुरांच्या बुळकांडीच्या खात्यावर जमा होत असे. 1994 पर्यंत तो दक्षिणेपुरताच आहे असं मानलं जाई. त्यानंतर उत्तरेतूनही नोंदी येऊ लागल्या आणि आज तो देशभर मुरलेला आहे.

आजारी शेळी कशी दिसते ते नीट पाहून ठेवण्यासारखं आहे. पहिल्या दिवशी फक्त ताप, 104 ते 106 अंश फॅरनहाइट. शेळी कळपामागे रेंगाळते, कान पाडते, केस उभे राहतात, नाकाचा शेंडा कोरडा पडतो. मग नाका-डोळ्यांतून पाणी. दोन-तीन दिवसांत ते पाणी घट्ट, पिवळट होतं, नाकपुड्यांच्या कडांवर त्याच्या खपल्या धरतात, श्वास घेताना घरघर येते आणि डोळे सकाळी चिपडांनी चिकटलेले असतात. तोंड उघडून पाहिलं तर हिरड्यांवर, जिभेखाली, ओठांच्या आत कोंडा सांडल्यासारखे पांढरे ठिपके. ते निघाले की खाली लाल जखम. तोंडाला असह्य दुर्गंधी. मग हगवण लागते आणि तिच्याबरोबर खोकला. पाच ते दहा दिवसांत एक तर शेळी जाते किंवा सावरते. गाभण असेल तर गाभडते. करडं आणि कोकरं सगळ्यांत आधी जातात. वाचलेल्या जनावराला पुन्हा जन्मभर हा रोग होत नाही, आणि ते विषाणू अंगात घेऊनही फिरत नाही. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे येतोच.

मेलेल्या शेळीचं शवविच्छेदन केलं की फुप्फुसाचे पुढचे, छातीच्या खालच्या बाजूचे भाग जांभळट-लाल आणि यकृतासारखे घट्ट झालेले दिसतात. त्या घट्ट भागाचा तुकडा पाण्यात टाकला तर तो बुडतो. निरोगी फुप्फुसात हवा असते, त्याचा तुकडा तरंगतो. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात रक्ताच्या रेघा उमटलेल्या असतात, झेब्र्याच्या अंगावर असतात तशा. हे पाहिलेला पशुवैद्य सहसा चुकत नाही. तरीही ठाम निदानासाठी नाका-डोळ्यांचे बोळे आणि प्लीहा, फुप्फुस, लसिकाग्रंथींचे नमुने बर्फावर प्रयोगशाळेत जायला हवेत. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, मुक्तेश्वरला भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने विकसित केलेल्या एलायझा चाचण्या आहेत. खरी अडचण औंधपर्यंत नमुना पोचण्याची आहे. माळावर मेलेली मेंढी वाड्यावाले तिथेच पुरतात आणि पुढे चालू लागतात. त्यांना दोष देता येत नाही. उरलेला कळप दुसऱ्या दिवशी चाऱ्याला न्यायचाच असतो. पण नमुना न गेल्यामुळे कागदावर रोग आलाच नाही असं राहतं, आणि कागदावर नसलेल्या रोगासाठी लस मागवली जात नाही.

रोग येतो कसा? विषाणू बाहेरच्या उन्हात तग धरत नाही, त्यामुळे तो जवळच्या संपर्कातूनच जातो. खोकल्याचे तुषार, नाकाचा स्राव, विष्ठा, एकाच हौदावरचं पाणी. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण चार ते सहा दिवस जातात आणि ताप चढतो त्या सुमारास जनावर विषाणू पसरवायला लागतं. हे चार-सहा दिवस बाजाराच्या आठवड्यात नेमके बसतात. आखाडात, जत्रांच्या दिवसांत, बकरी ईदच्या आधी बोकडांना भाव येतो. अक्कलकोट, सोलापूर, कलबुर्गीच्या बाजारांत निरनिराळ्या गावची जनावरं एका दोरीला येतात. विकलेला बोकड कापला जातो, तिथे साखळी तुटते. धोका न विकलेल्या बोकडात आहे. भाव पडला म्हणून तो संध्याकाळी टेम्पोत घालून घरी परत आणतात आणि रात्री त्याच खोपीत, करडांच्या शेजारी बांधतात. आठवड्याभरात खोकला सुरू झाला की दोष हवा बदलल्याला दिला जातो. गावागावांत उद्रेक कसा सुरू झाला याची चौकशी करताना या परत आलेल्या बोकडाबद्दल पहिल्यांदा विचारायला हवं, आणि ते सहसा कुणी विचारत नाही.

दुसरी वाट अनुदान योजनांची. राज्याच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत 20 मेंढ्या आणि 1 नर असा गट 75 टक्के अनुदानावर मिळतो. शेळी गटाच्याही योजना आहेत. योजना चांगल्याच आहेत, त्या हव्यात. पण गट खरेदी बहुधा बाजारातून होते, निरनिराळ्या कळपांतली जनावरं एकत्र होतात, लांबून गाडीत येतात आणि उतरताच लाभार्थ्याच्या जुन्या शेळ्यांत मिसळतात. अमेरिकेतल्या वासरांचा वाहतुकीचा ताप आपण आपल्या हाताने इथे घडवतो. जनावर ताब्यात देण्याआधी लस आणि 21 दिवसांचं विलगीकरण या दोन अटी योजनेच्या अंमलात काटेकोर पाळल्या गेल्या तर अनुदानाचे पैसेही वाचतील. जागतिक पशुआरोग्य संघटनेनेही पीपीआरसाठी 21 दिवसांचाच उबवण काळ धरला आहे.

तिसरी वाट वाड्याची. दिवाळीच्या मागेपुढे मेंढरांचे वाडे पाण्याच्या आणि उसाच्या पट्ट्याकडे सरकतात. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कळप बसवून शेताला खत देतात, त्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत इतर वाडे भेटतात, पाणवठे एकच असतात. मैंदर्गीच्या बाबतीत वाट अनेकदा राज्याची हद्दही ओलांडते. हद्दीच्या या बाजूला महाराष्ट्राचं लसीकरण, त्या बाजूला कर्नाटकाचं. मोहिमेचा महिना एकच असेल असं नाही. फिरता कळप दोन्हीकडच्या मोहिमांच्या मधून निसटू शकतो. गावात पथक येतं तेव्हा वाडा रानात, वाडा गावात येतो तेव्हा मोहीम संपलेली.

आणि लस तर उत्तम आहे. इतकी चांगली लस फार थोड्या रोगांना मिळाली आहे. मुक्तेश्वरच्या शास्त्रज्ञांनी सुंगरी-96 हा भारतीय विषाणू दुबळा करून ती बनवली. तमिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने अरसूर-87 वर आधारलेली दुसरी केली. एक मिलिलिटर कातडीखाली टोचली की तीन वर्षांहून अधिक संरक्षण मिळतं. विषाणूचा एकच सीरोटाइप असल्यामुळे कुठल्याही वंशावळीच्या विषाणूवर ती चालते. चार महिन्यांच्या आतल्या करडाला ती देत नाहीत, कारण आईच्या चिकातून मिळालेली प्रतिद्रव्यं तिला निकामी करतात. इथेच एक गफलत होते. तीन वर्षांची हमी एका शेळीची आहे, कळपाची नाही. शेळ्या-मेंढ्यांत दरवर्षी बोकड विकले जातात, नवी करडं येतात, कळपाचा मोठा हिस्सा बदलून जातो. यंदा सगळ्यांना टोचलं आणि पुढची दोन वर्षं थांबलं, तर तिसऱ्या वर्षी कळपातली बरीच जनावरं कोरीच असतात. रोगाचा फैलाव थांबवायला सत्तर-ऐंशी टक्के जनावरं सुरक्षित लागतात. म्हणून दरवर्षी निदान नवी पिढी टोचली गेली पाहिजे.

लशीची कुपी शीतपेटीतून आणावी लागते. आत पांढरी कोरडी वडी असते. थंड द्रावणात विरघळवली की घड्याळ सुरू होतं. दोन तासांच्या आत ती संपवायची, सावलीत ठेवायची, उरली तर टाकून द्यायची. साधारण शंभर मात्रांची एक कुपी. मैंदर्गीच्या माळावर एप्रिलच्या दुपारी पन्नास मेंढ्यांसाठी ही कुपी फोडायची की नाही, हा पशुधन पर्यवेक्षकापुढचा खरा प्रश्न असतो. फोडली तर अर्धी वाया, न फोडली तर कळप कोरा. चार वाडे एका सकाळी, ऊन चढायच्या आत, एका जागी गोळा करणं हाच त्यावरचा व्यवहारी तोडगा. त्यासाठी वाड्यांचे प्रमुख आणि दवाखाना यांच्यात फोन नंबरांची देवघेव तेवढी हवी. यात खर्च जवळपास नाही.

हे सगळं अशक्य वाटत असेल तर गुरांच्या बुळकांडीची आठवण काढावी. 1889 मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली ती मुख्यतः बुळकांडीशी लढायला. 1893 मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली आणि पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. 1897 मध्ये रॉबर्ट कॉख स्वतः तिथे येऊन गेले. 1954 मध्ये देशव्यापी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. भारतातला शेवटचा उद्रेक 1995 मध्ये नोंदला गेला, 2006 मध्ये देश या संसर्गातून मुक्त जाहीर झाला आणि 2011 मध्ये जग. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसरा रोग. त्यातला एक धडा आपल्या वाड्यांसाठी फार मोलाचा आहे. आफ्रिकेत शेवटचे विषाणू उरले होते ते सरकारी पथकं पोचू शकत नव्हती अशा भटक्या पशुपालकांच्या कळपांत. इथिओपियाच्या अफार भागात आणि दक्षिण सुदानात उष्णतेला टिकणारी लस आणली गेली, त्या पशुपालकांतलीच माणसं टोचायला शिकवली गेली आणि मग काम फत्ते झालं. भटक्या कळपाला गावी बोलावत बसण्याऐवजी लस कळपाबरोबर चालू लागली.

पीपीआरलाही हेच लागू पडतं. एकच सीरोटाइप, बरं झालेलं जनावर वाहक राहत नाही, टिकाऊ लस हाताशी आहे. म्हणूनच 2015 मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटना आणि पशुआरोग्य संघटनेने 2030 पर्यंत निर्मूलनाचं उद्दिष्ट ठरवलं. भारतात 2010 पासून पीपीआर नियंत्रण कार्यक्रम चालू आहे आणि पहिल्या टप्प्यात दक्षिणेकडच्या राज्यांबरोबर महाराष्ट्र आणि गोवाही होते. उष्णतेत टिकणाऱ्या पीपीआर लशीही तयार झाल्या आहेत. दुसरीकडे रोग स्वस्थ बसलेला नाही. 2016-17 मध्ये मंगोलियात त्याने हजारो सायगा हरणं मारली, 2024 मध्ये तो ग्रीस आणि रोमानियात शिरला. 2030 गाठायचं असेल तर मैंदर्गीसारख्या हद्दीवरच्या गावांतले फिरते कळप आधी गाठावे लागतील. जिल्ह्याच्या ठिकाणी टक्केवारी कितीही चांगली दिसली तरी विषाणू उरतो तो या कोपऱ्यांत. गावातली टोचू शकणारी माणसं आपल्याकडेही आहेत. उमेद अभियानातल्या पशुसखी पशुवैद्याच्या देखरेखीखाली हे काम करू शकतात. वाड्यावरच्या शिकलेल्या तरुण-तरुणींनाही तेच प्रशिक्षण द्यावं, असं मला फार आग्रहाने म्हणावंसं वाटतं.

गुरांबद्दल थोडक्यात. आयबीआरचा विषाणू भारतात 1976 मध्ये उत्तर प्रदेशात प्रथम वेगळा केला गेला आणि त्याची प्रतिद्रव्यं देशभरच्या गुरांत आढळतात. नाक लाल होणं, ताप, खोकला, डोळे येणं, गाभडणं ही त्याची रूपं. हा विषाणू एकदा अंगात गेला की चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत आयुष्यभर दडून बसतो आणि ताण आला की पुन्हा बाहेर पडतो. म्हणून वीर्य केंद्रांत वळूंची त्यासाठी नियमित तपासणी होते. खिलार गाईच्या मालकाने रेतनासाठी तपासलेल्या वळूचंच वीर्य का मागावं, याचं हे एक कारण. आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ताप आला की कुणीतरी येऊन डेक्सामेथासोन टोचून जातो, जनावर दोन दिवस तरतरीत दिसतं, मालक खूष. हे स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं. प्रयोगशाळेत दडलेला आयबीआर विषाणू जागा करायचा असतो तेव्हा शास्त्रज्ञ हेच औषध वापरतात. न्यूमोनियाच्या जनावराला ते बिनअकलेने देणं म्हणजे रोगाला मदत करणं.

गुरांचे आणखी तीन आजार ओळखून ठेवावेत. तिवा हा पावसाळ्यात चावणाऱ्या कीटकांमुळे येणारा तीन दिवसांचा ताप, त्यात लंगडणं मुख्य, श्वसनाचा त्रास कमी. घटसर्प विषाणूचा नाही, पाश्चुरेला या जिवाणूचा. पण गळ्याला सूज आणि घरघर यामुळे तो श्वसनरोगात मोजला जातो. त्याची लस पावसाळ्याआधी मिळते आणि ती घेतलीच पाहिजे. लम्पी हा अंगावर गाठी आणणारा रोग भारतात 2019 मध्ये आला आणि 2022 मध्ये महाराष्ट्रात भडकला. त्यात गाठी फुप्फुसातही होतात आणि त्यातून न्यूमोनिया. त्या वर्षी राज्यभर गुरांचे बाजार बंद झाले, एक कोटीहून अधिक गुरांना लस दिली गेली. ठरवलं तर यंत्रणा किती वेगाने हलू शकते हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. तो वेग शेळ्या-मेंढ्यांच्या वाट्याला कधी आलेला नाही. गाय मेली की बातमी होते, वाड्यावरची तीस मेंढरं गेली तर ती वाड्यापुरतीच राहतात.

उपचाराबद्दल भ्रम नको. पीपीआरच्या विषाणूवर औषध नाही. पशुवैद्याने दिलेलं प्रतिजैविक फुप्फुसातल्या जिवाणूंसाठी असतं. हगवणीने गेलेलं पाणी-क्षार भरून काढणं, तोंडाच्या जखमा सौम्य पोटॅशियम परमॅंगनेटने धुणं, बोरोग्लिसरीन लावणं, मऊ चारा आणि आंबील देणं, आजारी जनावर वेगळं बांधणं एवढंच हातात असतं. लवकर सुरू केलं तर बरीच जनावरं वाचतात. दुकानातून आणलेलं प्रतिजैविक अर्ध्या मात्रेत, दोनच दिवस टोचणं थांबलं पाहिजे. त्याने शेळी वाचत नाही आणि जिवाणू मात्र निर्ढावतो.

कायदा आहे. 2009 च्या प्राण्यांमधील संक्रामक रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्यात पीपीआर अनुसूचित रोग आहे आणि संशयही आला तरी कळवणं मालकाचं कर्तव्य आहे. जून 2024 पासून राज्यात कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करू नये असा आदेशही आहे. त्या बिल्ल्याचा खरा उपयोग व्हायचा तर बाजाराच्या दारावर लसीची नोंद पाहिली जायला हवी. बाजार समित्यांनी दारातच एक टेबल, एक पशुवैद्यकीय कर्मचारी आणि आजारी जनावरासाठी वेगळा कोपरा ठेवावा. बोकडाच्या बाजारात जी उलाढाल होते तिच्यापुढे हा खर्च किरकोळ आहे.

तोवर मैंदर्गी परिसरातल्या पशुपालकांनी चार गोष्टी स्वतःच्या हाताने कराव्यात अशी विनंती. वाडा हलण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरातच, दवाखान्याकडे पीपीआरच्या लशीची लेखी मागणी करा आणि चार महिन्यांवरचं प्रत्येक करडू-कोकरू टोचून घ्या. विकत आणलेलं, योजनेतून मिळालेलं किंवा बाजारातून न विकता परत आलेलं जनावर 21 दिवस वेगळं बांधा, त्याचं पाणीही वेगळं ठेवा. एकाच आठवड्यात दोन-तीन जनावरं नाक वाहून खोकायला लागली तर मरणाची वाट न पाहता 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा आणि फिरत्या पथकाला नाकाचा नमुना घ्यायला सांगा. आणि हद्दीपलीकडच्या ज्या पाहुण्यांच्या माळावर तुमचा वाडा उतरणार आहे, त्यांना विचारून घ्या: तुमच्याकडे लस झाली का?